पानाचा आकार, पाण्याची वाट

व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलवर २००८ साली नवा पूल खुला झाला तेव्हा त्याच्या पायऱ्यांत काच बसवलेली होती. पूल देखणा आहे. खालून नावेतून जाणाऱ्याला त्याच्या पोलादी फासळ्या एखाद्या मोठ्या जलचराच्या सांगाड्यासारख्या दिसतात. पण व्हेनिस हे पाण्यातले शहर. तिथे धुके पडते, दव पडते, पाऊस तर पडतोच. ओली काच निसरडी झाली, माणसे घसरून पडू लागली आणि २०१९ मध्ये इटलीच्या लेखा न्यायालयाने पुलाच्या रचनाकाराला ७८ हजार युरोंचा भुर्दंड बसवला. पुढे शहराने काच काढून दगड बसवायचे ठरवले. हा रचनाकार कोणी हौशी माणूस नव्हे. सांतियागो कालात्रावा १९५१ साली वलेन्सियाजवळ जन्मला, तिथेच वास्तुरचना शिकला आणि मग झुरिकच्या तंत्रविद्यापीठात त्याने स्थापत्य अभियांत्रिकी केली, तिथूनच डॉक्टरेटही घेतली. आकार सुचणारा आणि भार मोजणारा असे दोघे एकाच डोक्यात नांदतात अशी माणसे थोडी, तो त्यांतला. पक्ष्याचे पंख, डोळा, पाठीचा कणा, कमरेत वळलेले धड यांतून त्याच्या इमारती निघाल्या. तरी त्या पुलावर निसर्ग रोज जी सगळ्यात साधी गोष्ट करतो ती, म्हणजे पृष्ठभाग ओला करणे, हिशेबातून सुटली. निसर्गातून प्रेरणा घेतलेली वास्तू कशाला म्हणायचे, हे ठरवताना हा पूल मोठा उपयोगी पडतो. वास्तू निसर्गासारखी दिसते का हे पाहायचे, की त्या जागेचा निसर्ग जे करणारच आहे त्याची तिने आधी सोय केली आहे का हे पाहायचे? माझ्या मते दुसरा प्रश्नच खरा आहे. आणि तो व्हेनिसपेक्षा विरार पूर्वेच्या चंदनसारला अधिक निकडीने विचारायला हवा.

आधी कालात्रावाला न्याय द्यायला हवा. मिलवॉकीच्या कला संग्रहालयावर २००१ मध्ये त्याने बसवलेले पंख उघडतात, मिटतात, आतल्या दालनावरचे ऊन कमी-जास्त करतात आणि वारा ठराविक वेगापुढे गेला की आपोआप मिटतात. तिथे पंख हा नुसता आकार उरत नाही, तो काही काम करतो. माल्मोचा १९० मीटर उंच मनोरा पायापासून शेंड्यापर्यंत ९० अंशांत पिळलेला आहे आणि २००५ पासून समुद्रावरच्या वाऱ्यात उभा आहे. हे गणित येरागबाळ्याचे नाही. पण त्याच माणसाने आपल्या गावी, वलेन्सियात बांधलेल्या ऑपेरागृहाच्या पांढऱ्या आवरणावरचे फरशीचे तुकडे २०१३च्या डिसेंबरात वाऱ्यात गळून पडले आणि न्यूयॉर्कचे त्याचे पक्ष्यासारखे रेल्वेस्थानक सुमारे चार अब्ज डॉलर गिळून २०१६ मध्ये उघडले. गडी तोच, बुद्धी तीच. जिथे आकाराने काम अंगावर घेतले तिथे इमारत टिकली. जिथे आकार आधी ठरला आणि हवामानाने, खर्चाने मागून जुळवून घ्यावे अशी अपेक्षा धरली, तिथे त्यांनी ऐकले नाही.

गंमत अशी, की हा फरक ज्या संस्थेत कालात्रावा अभियंता झाला तिथेच शंभराहून अधिक वर्षे आधी कोणाच्या तरी नजरेला आला होता. १८६६च्या सुमारास झुरिकला हेर्मान फॉन मायर हा शरीरशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा छेद दाखवत होता. आत जाळीसारख्या बारीक पट्ट्या असतात. कार्ल कुलमान हा तिथला अभियांत्रिकीचा प्राध्यापक. त्याला त्या पट्ट्यांची दिशा ओळखीची वाटली. वाकड्या क्रेनवर भार आला की ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळपास त्याच रेषांनी हाडाने आपले द्रव्य मांडले होते. जिथे भार तिथे द्रव्य, बाकी ठिकाणी पोकळी. निसर्गाकडून घेण्यासारखे ते हेच. हाड दिसते कसे हे दुय्यम, ते कुठे किती कंजुषी करते हे महत्त्वाचे. रॉबर्ट हूकने १६७५ मध्ये सांगून ठेवले होते, की लोंबती साखळी उलटी केली तर कमानीचा योग्य आकार मिळतो. गौदीने बार्सिलोनाजवळच्या चर्चसाठी दोऱ्यांना शिशाच्या छर्‍यांच्या पिशव्या टांगून नेमके तेच केले, आणि फ्राय ओटोने साबणाच्या पडद्यांवरून तंबूंच्या छपरांचे आकार शोधले. या लोकांच्या इमारती झाडासारख्या किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या दिसतात, पण ते दिसणे शेवटी हाती आलेले आहे. सुरुवात वजनापासून झाली.

यावर कोणी म्हणेल, हिशेब चुकला तरी निसर्गाची प्रेरणा काम करतेच की! त्याला पुरावाही आहे. झिंबाब्वेच्या हरारे शहरात १९९६ मध्ये मिक पियर्सने ईस्टगेट नावाची कार्यालये-दुकानांची मोठी इमारत बांधली. नेहमीची वातानुकूलन यंत्रणा न लावता ती थंड राहते, आणि पियर्सला ही कल्पना वारुळावरून सुचली. पुढे वाळवीच्या वारुळांचा अभ्यास करणाऱ्यांना आढळले, की वारूळ पियर्सला वाटले तसे हवा खेळवतच नाही. म्हणजे प्रेरणा चुकीच्या समजुतीवर उभी होती, तरीही इमारत चालते. माझ्या मते हे उदाहरण आक्षेपाच्या नव्हे, माझ्याच बाजूने बोलते. ईस्टगेट चालते ती हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच असल्यामुळे. तिथल्या रात्री थंड असतात. रात्रीची थंड हवा पंख्यांनी इमारतीच्या जाड काँक्रीटमधून फिरवायची आणि दिवसा त्या गारव्यावर भागवायचे, हे गणित त्या गावच्या रात्रीचे आहे. वारुळाने फक्त ठिणगी दिली. तीच इमारत उचलून विरारला ठेवली तर मे महिन्यात तिच्यात घामाच्या धारा लागतील, कारण इथली रात्र दमट आणि उबदार. वारुळाचा आकार चोरणे आणि हरारेचा उपाय चोरणे, दोन्ही नक्कलच.

महाराष्ट्रात या विचाराचा धागा शोधायला दूर जावे लागत नाही. नारी गांधी सुरतेत १९३४ साली जन्मले, मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले, मग अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटच्या टॅलिएसिनमध्ये काही वर्षे राहून परतले. १९९३ मध्ये अपघाती मृत्यू येईपर्यंत त्यांनी लोणावळा, रेवदंडा या भागांत मोजकी घरे बांधली. ते नकाशाच्या फंदात फारसे पडत नसत. गवंड्यासोबत जागेवर उभे राहून, दगड आणि विटा हातात घेऊन ठरवत. त्यांच्या घरांची छायाचित्रे पाहून माणूस हरखतो, आणि हरखावेच. पण ती वाटचाल श्रीमंत मालक, मोठी जागा आणि बेहिशेबी वेळ यांच्यावर उभी आहे. चार्ल्स कोरिया यांचे काम मला अधिक शिकवणारे वाटते. मुंबईत पश्चिमेला तोंड केले तर समुद्रावरचा वारा आणि दृश्य मिळते. पण तिरपे ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच येते. जुन्या बंगल्यांनी भोवती व्हरांडा फिरवून हे कोडे सोडवले होते. कंबाला हिलवरच्या कांचनजुंगा इमारतीत कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजली उंचीची बाग करून २८ मजल्यांपर्यंत चढवला. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत कोपरे पोखरून मोकळे सोडलेले आहेत. मजले मधल्या काँक्रीटच्या गाभ्यावर तोललेले असल्याशिवाय ते शक्य नव्हते, आणि तो हिशेब अभियंते शिरीष पटेल यांचा. दोन वेगळी डोकी होती, पण त्यांतल्या एकाने दुसऱ्याला आकार आयता दिला नव्हता. ही इमारत झाडासारखी दिसत नाही, पानासारखी दिसत नाही. मुंबईच्या पावसाला मात्र ती ओळखते.

कांचनजुंगाही श्रीमंतांचीच, हे खरे. म्हणून त्याच काळातले कोरियांचे बेलापूर पाहायचे. नवी मुंबईत सिडकोसाठी त्यांनी सुमारे ५.४ हेक्टरवर ५५० कुटुंबांची वसाहत मांडली. सात घरे एका छोट्या अंगणाभोवती, असे तीन गट मोठ्या अंगणाभोवती, अशी ती वाढत जाते. घराला घराची भिंत चिकटलेली नाही. त्यामुळे ज्याला जमेल तसे त्याने वाढवावे. जागेतून जाणारा ओढा त्यांनी बुजवला नाही, वसाहतीत सामावून घेतला. आज तिथली बरीच मूळ घरे पाडून लोकांनी दोन-तीन मजली पक्की बांधली आहेत आणि टीकाकार त्याला अपयश म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही. घरे बदलणार हे गृहीतच धरलेले होते. अंगणे आणि पाण्याची वाट शिल्लक आहे की नाही, यावर त्या आराखड्याची परीक्षा करायला हवी.

आता चंदनसार. विरार स्थानकातून पूर्वेला उतरून अहमदाबाद महामार्गाकडे निघाले की हा भाग लागतो. महापालिकेच्या प्रभाग समिती ‘सी’चे कार्यालय इथले. कधीकाळचे गाव-पाडे, चाळी, चार-पाच मजली इमारती, मोठी संकुले, गाळे हे सगळे एकमेकांच्या अंगावर चढलेले. भूगोल मात्र सोपा आहे. पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर, शेजारी जीवदानीचा डोंगर, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला रेल्वेचा भराव, त्यापलीकडे खाजणे आणि मिठागरे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस डोंगरावर आणि पायथ्याशी पडतो आणि सखल जमिनीवरून, नाल्यांतून, रुळांखालच्या मोऱ्यांतून खाडीकडे जाऊ पाहतो. चार महिने इथला निसर्ग म्हणजे हे उतरणारे पाणी. बाकी आठ महिने खारी दमट हवा. इथे निसर्गप्रेरित वास्तू हवी असेल तर ती या दोन गोष्टींची प्रेरणा घेईल; शिंपल्याच्या आकाराचे छत ही नंतरची हौस.

पाण्याचे काय झाले ते २०१८च्या जुलैने दाखवले. वसई-विरार पाण्याखाली गेले, रेल्वे बंद पडली, मिठागरांत माणसे अडकली. त्यानंतर नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांना कारणे शोधायला सांगितले, तेव्हा त्यांच्या शिफारशींत पावसाचे पाणी काही काळ थोपवून धरणाऱ्या तलावांवर भर होता. वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या बागायतदारांना यात नवे काही वाटणार नाही. त्यांच्या वाड्यांमध्ये बावखले, म्हणजे खणलेली छोटी तळी, होतीच. पावसाचे पाणी बावखलात साठायचे, जमिनीत मुरायचे, विहिरीचे पाणी गोडे राहायचे आणि केळी, पानवेलींना उन्हाळ्यात ओल मिळायची. समुद्राशेजारच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो. वरून भरणे थांबले आणि टँकरसाठी उपसा वाढला की खारे वर येते. वसईचा हिरवा पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने ज्या लढाया लढल्या त्यांच्या मुळाशी जमीन आणि पाण्याचे हेच गणित होते. बावखल खणणाऱ्याने वास्तुशास्त्राची पदवी घेतली नव्हती, पण पाणी अडवायचे कुठे आणि सोडायचे कुठे हे एकाच माणसाने ठरवले होते. शहर वाढले तेव्हा नेमकी हीच जोडी तुटली. इमारत एकाने आखली, नाला दुसऱ्या खात्याकडे गेला, जमिनीचा उतार कोणाच्याच कागदावर राहिला नाही.

जुन्याचे गोडवे गाण्यात धोका आहे, तो इथेच मान्य केलेला बरा. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेली वारली घरे उन्हाळ्यात गार असतात, यावर लेख लिहिणारे पुष्कळ; त्या घरात दर पावसाळ्यानंतर कूड सावरणारे हात कोणाचे हे लिहिणारे कमी. त्या घरातल्या मुलाला स्लॅबचे घर हवे असते आणि त्याचे काही चुकत नाही. २०११च्या जनगणनेतच वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर होती. एवढी माणसे कुडाच्या घरांत किंवा बेलापूरच्या अंगणांत मावणार नाहीत. म्हणून प्रश्न काँक्रीट असावे की नसावे हा नाहीच. चार मजली काँक्रीटच्या साध्या इमारतीत निसर्गाचा हिशेब कसा शिरतो, हा आहे. त्याचे सगळ्यात रूक्ष उदाहरण सळईवरच्या काँक्रीटच्या थराचे. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सौम्य हवामानात सळईवर २० मिलिमीटर थर पुरतो. किनाऱ्याच्या हवेला उघड्या काँक्रीटला ४५ लागतो आणि काँक्रीटही किमान एम ३० दर्जाचे. हे जादाचे २५ मिलिमीटर म्हणजे समुद्राने आखून दिलेली रेघ. ती पाळली नाही तर क्षार आत शिरतात, सळई गंजून फुगते, काँक्रीट तडकते, तड्यातून आणखी पाणी जाते. कालात्रावाच्या पंखांची छायाचित्रे निघतात, या २५ मिलिमीटरचे कोणी काढत नाही. तरी विरारमध्ये निसर्गाकडून शिकलेली वास्तू ओळखायची खूण म्हणून मी याच थराकडे बोट दाखवीन.

दुसरे उदाहरण गच्चीचे. चंदनसारमधल्या बऱ्याच इमारतींची गच्ची ३०० चौरस मीटरच्या आसपास धरली, तर दोन हजार मिलिमीटर पावसात तिच्यावर सहा लाख लिटर पाणी पडते. वीस कुटुंबांत ८० माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर असे सरकारी माप धरले तर हे पाणी सुमारे ५५ दिवसांचे. गळती, बाष्पीभवन, पहिल्या पावसाची घाण वजा केली तरी महिना सव्वा महिना सहज भागेल. ते सगळे साठवायला जागा नाही, हे कबूल. पण मुरवायला विंधणविहीर आणि शोषखड्डा पुरतो. प्रत्यक्षात काय होते? हे पाणी पाइपाने रस्त्यावर सोडले जाते, रस्ता तुंबतो आणि उन्हाळ्यात त्याच इमारतीच्या दारात टँकर उभा राहतो. दुसरीकडे डहाणूच्या बाजूच्या सूर्या प्रकल्पातून दिवसाला १८५ दशलक्ष लिटर पाणी या शहरासाठी वाहून आणण्याची योजना राबवावी लागते. ती योजना हवीच. गच्चीवरचे पाणी तिची जागा घेणार नाही. पण डोक्यावर पडणारे फुकट गटारात सोडून देणारी इमारत, तिच्या दर्शनी भागावर कितीही वेली चढवल्या तरी, निसर्गाशी फटकून वागणारीच आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर वा मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल संधारण बंधनकारक आहे. लहान भूखंडांवरच्या इमारतींची दाटी असलेल्या गावात ही रेघच बऱ्याच जणांना सोडून देते.

सगळ्यात जड आक्षेप इथून येतो. ज्या शहरात इमारत कायदेशीर आहे की नाही हेच ठाऊक नसते तिथे निसर्गाच्या प्रेरणेची चर्चा म्हणजे चोचले, असे कोणी म्हटले तर त्याला उडवून लावता येणार नाही. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या, २०२५च्या सुरुवातीला ते काम संपले आणि शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर विरार पूर्वेतच रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळून १७ जणांचा जीव गेला. इमारत दोन दशकांचीही नव्हती. आधी कायदा, मग कविता, असे म्हणावेसे वाटते. पण पहिल्या प्रकरणातला भूखंड कशासाठी राखीव होता ते पाहावे: सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमी. शहराच्या शरीरातला मळ बाहेर काढण्याची जी जागा, तिथेच घरे विकली गेली. आणि बेकायदा बांधकामात सगळ्यात आधी काय गळते? मातीची तपासणी, संरचना अभियंत्याची सही, सळईवरचा थर. म्हणजे जमीन, भार आणि हवा यांचा हिशेब. नियमावलीतले चांगले नियम हे निसर्गाशी केलेले करारच असतात, भाषा कारकुनी असली तरी. त्यामुळे कायदेशीरपणा आधी आणि निसर्ग नंतर असा क्रम मला लावता येत नाही. जिथे दुसरा सुटतो तिथे पहिला कागदावर असूनही इमारत रोगट राहते. अधिकृत संकुलांच्या तळमजल्यांतही पाणी शिरते, ते याचमुळे.

खर्चाचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. जादा काँक्रीट, शोषखड्डा, पश्चिमेच्या खिडक्यांवर खोल छज्जे, मजल्यागणिक आरपार हवा जाईल अशी दारे-खिडक्यांची मांडणी यांचा खर्च इमारतीच्या किमतीच्या तुलनेत फार नाही. काही गोष्टींना, जसे खिडक्यांच्या जागेला, खर्चच नाही; विचार लागतो. अडचण पैशाची कमी आणि हिशेब कोणाच्या खिशातून चुकता होतो याची जास्त आहे. बिल्डर सदनिका विकून पुढच्या जागेवर जातो. गंज दहा वर्षांनी रहिवाशांच्या वाट्याला येतो. सौंदर्याचे काय, असे कलावंत विचारतील. त्यांना एवढेच सांगायचे, की कांचनजुंगाचे मोकळे कोपरे कोणाला कुरूप वाटलेले नाहीत.

एक गोष्ट मात्र एकट्या इमारतीच्या आवाक्याबाहेरची आहे आणि तिथे कोरिया, पटेल, कालात्रावा कोणीच एकटे पुरणार नाहीत. विरारमध्ये नवी इमारत उभी राहते ती भरावावर. पूर येतो म्हणून जोता दोन-तीन फूट उंच घेतला जातो. मग रस्ता उंच होतो. मग शेजारची जुनी चाळ खड्ड्यात जाते आणि नव्या इमारतीने नाकारलेले पाणी तिच्या ओटीवर येते. नव्या इमारतीचा रचनाकार आपल्या भूखंडापुरता निसर्गाचा हिशेब चोख मांडू शकतो आणि तरी त्याने पाणी फक्त दुसऱ्याच्या घरी ढकललेले असते. म्हणून परवानगीच्या नकाशावर इमारतीइतकीच तिच्या चारही बाजूंच्या जमिनीची उंची, तिथून वाहणारा नाला आणि भरावानंतर पाणी कोणाकडे वळेल हे दाखवणे सक्तीचे व्हायला हवे, आणि त्यावर संरचना अभियंत्याइतकीच जबाबदार सही पाण्याचा हिशेब करणाऱ्याचीही हवी. प्रभाग ‘सी’मध्ये पूर्वीपासून राहणाऱ्या चाळीतल्या माणसाला अशा अर्जावर हरकत घेता आली पाहिजे. सध्या तो नकाशा त्याने पाहिलेला नसतो; पहिल्या पावसात तो त्याला उमगतो.